सोसायटीतले लाल सिलिंडर: स्टिकर नवं, पण आत काय आहे?

सचिव_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला आमची अकरा मजल्यांची सोसायटी आहे, दोन विंग. गेल्या सर्वसाधारण सभेत कुणीच हात वर केला नाही म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. त्याच्यासोबत कपाटभर फायली आल्या आणि जिन्याजिन्यातले फायर एक्स्टिंग्विशर. प्रत्येक मजल्यावर ६ किलोचा एबीसी पावडरचा (ए म्हणजे लाकूड-कापड, बी म्हणजे तेल, सी म्हणजे गॅस, या तिन्ही आगींसाठीचा) एक, मीटररूम आणि लिफ्टच्या मशिनरूममध्ये ४.५ किलोचे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे.

दरवर्षी कंत्राटदार येतो, 'रिफिलिंग' करतो, बिल देतो. यंदा मी घरीच होतो. दोन पोरं आली, लिफ्टने वर गेली आणि जिन्याने मजले उतरत खाली आली. आमचा चहा होईपर्यंत काम संपलं होतं. एकही सिलिंडर जागचा हलला नाही, पण स्टिकर मात्र सगळ्यांवर करकरीत. विचारलं तर म्हणे, "सर, प्रेशर चेक केलं, सगळं ओके." बिलात मात्र सगळ्यांचं रिफिलिंग लावलंय. बिल मी अडवून ठेवलं आहे.

आत पावडर आहे की नाही हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? दरवर्षी रिफिल करायलाच लागतं का? आणि कायद्याने नेमकी जबाबदारी कुणाची?

हिशेबनीस

आमच्याकडे अगदी हेच. मी खजिनदार आहे, त्यामुळे दरवर्षी या बिलावर सही करताना हात जड होतो. स्पष्ट बोलायचं तर हा कागदोपत्री सोपस्कार आहे. आग लागली की लोक १०१ लावतात आणि खाली पळतात. जिन्यातला डबा काढून कुणी वापरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. स्टिकर लावा, फाइल पूर्ण करा, विषय संपवा.

निवृत्त_फायरवाला

हिशेबनीस, वापरला जात नाही याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे: कुणी कधी हातात घेतलेलाच नसतो. त्यावर नंतर येतो. तारापूरच्या रासायनिक कारखान्यात फायर आणि सेफ्टी बघण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी जबाबदारी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवणं हे मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम आहे. म्हणजे सोसायटीत तुमचं. कंत्राटदाराचं नाही, आणि बिल्डर हस्तांतर करून गेला असेल तर त्याचंही नाही. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'नमुना ब' प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. हा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांकडून मिळतो. तुमच्या त्या दोन पोरांच्या मालकाकडे तो आहे का, आणि मुदतीत आहे का, हे पहिलं विचारा. बऱ्याचदा गाडी इथेच अडते.

आता तपासणी, रिफिलिंग आणि हायड्रो टेस्ट. ही तीन वेगळी कामं आहेत, आणि बिलात तिन्हींची खिचडी करणं हा या धंद्यातला जुना डाव.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, दर महिन्याला. जागेवर आहे का, समोर कुणी सायकल किंवा चपलांचं कपाट लावलंय का, पिन आणि सील शाबूत आहे का, होजला चीर नाही ना, नोझलमध्ये किड्याने माती भरलेली नाही ना (हसू नका, कुंभारमाशीला हे नोझल फार आवडतं), दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का.

रिफिलिंग केव्हा? वापरला तर लगेच, मग अर्धा सेकंद दाबला असला तरी. एकदा दाबला की पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकतात, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आतला दाब झिरपून जातो. काटा हिरव्याखाली आला तर. पावडर गोठली असेल तर. आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली तर. ती मुदत सिलिंडरवरच्या मूळ छापील पट्टीवर आणि पुस्तिकेत असते, कंत्राटदाराच्या स्टिकरवर नव्हे.

हायड्रो टेस्ट म्हणजे सिलिंडर रिकामा करून, पाणी भरून जास्तीच्या दाबाला ताणून बघणं. आपलं मानक आयएस २१९०. मी नोकरीत वापरत होतो ती २०१० ची आवृत्ती. तिच्यात पावडर, फोम आणि पाण्याच्या सिलिंडरला दर ३ वर्षांनी आणि सीओटूला दर ५ वर्षांनी ही टेस्ट सांगितली होती. आयुष्य पावडरच्या सिलिंडरला १० वर्षं, सीओटूला १५. त्यानंतर भंगार. सध्याची आवृत्ती बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते, सचिवांनी ती फाइलला लावून ठेवावी. पुढच्या वेळी कंत्राटदाराशी बोलताना टेबलावर असू दे.

सचिव, आज एकच काम करा. सगळ्या सिलिंडरवर उत्पादनाचं वर्ष कोरलेलं किंवा छापलेलं असतं. ते वाचून वहीत उतरवा.

मीटररूम

वाचनखूण साठवली. मी इलेक्ट्रिकल कंत्राटं घेतो, म्हणून सीओटूबद्दल भर घालतो.

सीओटूच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो. आत द्रवरूप वायू असतो, आणि द्रव शिल्लक असेतो दाब फक्त तापमानावर ठरतो. निम्मा वायू गळून गेला तरी दाब तसाच. म्हणून "प्रेशर चेक केलं" हे सीओटूबद्दल कुणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. हा फक्त वजनाने कळतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन अंगावर कोरलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा, वजाबाकी करा. वायू दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटला असेल तर भरायला पाठवा. रद्दीवाल्याकडचा लटकता काटा चालतो.

आणि सीओटू जिन्यात उभं राहून भरता येत नाही. तो उच्च दाबाचा सिलिंडर आहे, भरण्याचा परवाना पेसोकडून (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, आपल्या नागपुरात मुख्यालय आहे) मिळतो आणि भरायला प्लांट लागतो. सिलिंडर इमारतीबाहेर गेलाच नसेल तर तो भरलेलाही नाही.

वापरताना धातूचा किंवा साधा हॉर्न (वायू बाहेर पडतो ते भोंग्यासारखं तोंड) हाताने धरू नका. बाहेर पडताना वायूचा बर्फ होतो, उणे ७८ अंशांचा. कातडी चिकटते. शिवाय मशिनरूमसारख्या कोंदट खोलीत मारलात तर मारा आणि बाहेर या. तो आगीसारखाच तुमचाही प्राणवायू हटवतो.

पॅनेलजवळ पावडर नको, सीओटूच ठेवा. पावडरनेही आग विझेल, पण एबीसी पावडर दमट हवेत आम्लधर्मी होते आणि कॉन्टॅक्टर, सर्किट बोर्ड खाऊन टाकते. आग विझवून लिफ्ट गमावण्यात काय हशील?

सचिव_नाइलाजाने

वर्षं उतरवली. बी विंगमधले बहुतेक २०१३ चे निघाले. म्हणजे दहा वर्षं केव्हाच उलटली, आणि आम्ही दरवर्षी त्यांचं 'रिफिलिंग' करतोय! सीओटूही तोलले. मीटररूममधला बरोबर भरला. मशिनरूममधला जवळजवळ रिकामा आहे, पण त्यावरही नवं स्टिकर आहे.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे एनएफपीए १० हे मानक चालतं. महिन्याला नजरतपासणी, वर्षाला देखभाल, पावडरच्या सिलिंडरला ६ वर्षांनी आतून उघडून बघणं आणि १२ वर्षांनी हायड्रो टेस्ट. सीओटूला ५ वर्षं. आकडे तुमच्यापेक्षा वेगळे आहेत, पण मला सांगायची आहे ती एक छोटी गोष्ट. सिलिंडर उघडून काम केलं की त्याच्या मानेत एक कडं घालावं लागतं. ते व्हॉल्व्ह काढल्याशिवाय घालताच येत नाही. चिकटवलेला कागद कुणीही बदलेल. मानेतलं कडं बदलायला सिलिंडर उघडावाच लागतो. आपल्याकडे असं मागता येईल का?

निवृत्त_फायरवाला

कडं मागून मिळेलच असं नाही. त्याची गावठी आवृत्ती आम्ही वापरत होतो: ऑइलपेंटची बारीक रेघ, अर्धी व्हॉल्व्हवर आणि अर्धी सिलिंडरच्या मानेवर, सलग. व्हॉल्व्ह फिरला की रेघ तुटते, आणि परत घट्ट करताना ती तंतोतंत जुळवणं अवघड असतं. कंत्राटदाराला द्यायच्या आधी मारून ठेवा, त्याला सांगू नका. सोबत प्रत्येक सिलिंडरवर रंगाने क्रमांक घाला. नाहीतर तुमचे चांगले जातात आणि दुसऱ्या कुणाचे पोचे पडलेले येतात.

ज्यांच्याकडे काटा नसलेले जुने पावडरचे सिलिंडर असतील, ज्यांच्या डोक्यावर ठोकायचा नॉब असतो, ते कार्ट्रिजवाले. त्यांची पावडर बिनदाबाची असते आणि आत सीओटूची छोटी बाटली असते. त्यात ती छोटी बाटली तोलावी लागते, बाहेरून काही कळत नाही. आणि कुठलाही सिलिंडर घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. काटेवाल्यात साधारण १५ बारचा दाब असतो. व्हॉल्व्ह सुटला तर छतापर्यंत जातो, आणि वाटेत तुमचं तोंड असतं.

आता माझा मुख्य मुद्दा. रिफिलची मुदत संपलेले सिलिंडर कंत्राटदाराला भरलेले देऊच नका. रिकामे करून द्या, आणि रिकामे तुमच्या रहिवाशांनी करावेत. मैदानात, लोखंडी घमेल्यात थोडी आग करून. सिलिंडर चालतो की नाही याची खरी परीक्षा तो चालवून बघणं हीच. काटा खोटं बोलू शकतो, तो अडकून बसतो. शिवाय रिफिलचे पैसे तुम्ही देणारच आहात. मग जुनी पावडर त्याच्या टेंपोत फुकट का घालवायची? तेवढ्यात घरटी एका माणसाचा हात बसतो.

हिशेबनीस

हे मात्र पटलं. एकाच खर्चात दोन कामं. पण पावडरचा धुरळा? आमच्याकडे गाडीवर कबुतराने केलं तरी व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतो.

निवृत्त_फायरवाला

गाड्या लांब हलवा, वारा पाठीवर घ्या, दमेकऱ्यांना आणि पोरांना मागे ठेवा, चष्मा घाला. नंतर कोरडीच झाडून गोळा करा, आधी पाणी मारू नका. सगळे सिलिंडर एकाच दिवशी संपवू नका, इमारत उघडी पडेल. एक सोडून एक मजला घ्या, ते भरून आले की उरलेले. चांगला कंत्राटदार तेवढ्या दिवसांपुरते बदली सिलिंडर देतो.

वापरायची रीत लोकांना तोंडाने नको, हाताने शिकवा. पिन ओढा. नोझल ज्वाळेवर नव्हे, आगीच्या बुडाशी रोखा. दाबा. डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखं फिरवा. दोनेक मीटरपेक्षा जवळ जाऊन सुरुवात करू नका, आणि पाठीमागे दार असू द्या. ६ किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, घड्याळ लावून दाखवलं की बसतो. तेवढ्यात नाही विझली तर ती आग तुमची राहिली नाही. दार ओढून घ्यायचं आणि जिन्याने खाली. आणि १०१ हे पहिला सिलिंडर उचलायच्या आधी कुणीतरी लावलेलं असलं पाहिजे, नंतर नाही.

जमलं तर एप्रिलमध्ये करा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात केंद्रातले लोक प्रात्यक्षिकाला आनंदाने येतात. आधी पत्र द्या.

ठाण्याची_मावशी

भाऊ, हे सगळं जिन्यातलं झालं. घरात आग लागते ती कढईत. तिथे हा एबीसी चालतो का? आमच्या सोसायटीतल्या एकीने तेल पेटल्यावर कढई उचलून सिंककडे नेली, पदर थोडक्यात वाचला.

निवृत्त_फायरवाला

ताई, कढईवर एबीसी नको. पावडरचा झोत जवळून बसला की पेटलेलं तेलच उडतं. शिवाय तेल आतून तापलेलंच असतं, पावडर बसली की परत पेट घेतं. गॅस बंद, कढईवर बाजूने सरकवत झाकण किंवा मोठी परात, आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही. पाणी अजिबात नाही आणि कढई हलवायचीही नाही. हॉटेलच्या भटारखान्यासाठी 'एफ' वर्गाचा वेगळा एक्स्टिंग्विशर येतो, त्यातल्या द्रावणाने तेलावर साबणासारखा थर धरतो.

खारा_वारा

मालवणहून. आमच्याकडे पावडर गोठण्याआधी सिलिंडरच गंजतो. तळाची कडा आणि ब्रॅकेट टेकतं ती जागा, तिथे रंगाखालून फुगे येतात. बाहेरून दिसायला लालभडक, नखाने खरवडलं की पापुद्रे. होमस्टेतले मी जमिनीवरून उचलून भिंतीवर टांगले आणि समुद्राकडच्या व्हरांड्यातले काचेच्या पेटीत घातले. महिन्याला उलटे करून तळ बघतो. पूर्वी शिकवायचे की मधूनमधून उलटा करून रबरी हातोड्याने ठोका म्हणजे पावडर मोकळी राहते. हे अजून करतात का?

निवृत्त_फायरवाला

कार्ट्रिजवाल्यांना ही शिकवण होती. दाब भरलेल्या सिलिंडरला ठोकाठोक नको. हलकेच उलटा-सुलटा करायला हरकत नाही, आत पावडर सरकल्याचं हाताला जाणवतं. धपकन एकच गोळा आपटल्यासारखं वाटलं तर गोठलीय. खोल गंज असेल तर मुदत बघत बसू नका, तो सिलिंडर बाद.

चार्जिंगवाला

पार्किंगमध्ये आता इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर लागलेत. बाजूला एबीसी टांगून समिती निश्चिंत आहे. बॅटरीची आग याने विझते का?

मीटररूम

स्कूटरचं प्लॅस्टिक, वायर, शेजारची गाडी यांना लागलेली आग दाबायला उपयोग होतो. पण लिथियम बॅटरीच्या आतली उष्णतेची साखळी पावडरने तुटत नाही. सेल एकामागून एक पेटत जातात. तिला गार करायला भरपूर पाणी लागतं, तेही बराच वेळ. म्हणून आधी चार्जरचा मेन बंद करता येईल असा स्विच चार्जरपासून लांब घ्या, चार्जिंगची जागा जिन्याच्या तोंडाशी ठेवू नका, आणि धूर दिसला की माणसं बाहेर काढा. तो धूर विषारी असतो.

सचिव_नाइलाजाने

रविवारी केलं. ए विंगमधले सम मजल्यांचे सिलिंडर खाली आणले. बहुतेक चालले. पण दोघांचा काटा हिरव्यात असून पावडरचा एक भपकारा आला आणि नंतर नुसती हवा, आतलं सगळं दगड. तिसऱ्याचा काटा रिकामा झाल्यावरही हिरव्यातच! सातव्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच झटक्यात आग विझवली, आणि आमच्या जिमवाल्या पोराने पिन न काढताच एवढा जोर लावला की हँडल वाकायचंच बाकी होतं.

कंत्राटदाराला बोलावून घमेल्यातले दगड दाखवले. बिल त्याने मुकाट्याने मागे घेतलं. आता दुसरी परवानाधारक एजन्सी बघतोय. २०१३ चे सगळे भंगारात, नवीन घ्यायचे आहेत. नवीन घेताना आणि भरून घेताना काय बघू?

निवृत्त_फायरवाला

छान झालं. भंगारात देताना रिकामे करून, अंगाला भोक पाडून द्या. नाहीतर रंग लावून कुणाच्या तरी जिन्यात परत उभे राहतात.

नवीन घेताना आयएसआय चिन्ह बघा. वर आयएस १५६८३ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर माल परत. पावडर एमएपी ५० की एमएपी ९० हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. हा मोनो अमोनियम फॉस्फेटचा टक्का आहे आणि दरातला बराचसा फरक इथेच असतो. दोन कोटेशनची तुलना करताना हे न बघता खालचा आकडा बघणारे खजिनदार मला माहीत आहेत. (हिशेबनीस, तुम्ही नव्हे!)

भरून घेताना एकदोन सिलिंडर तुमच्यासमोर भरायला लावा. चमचाभर पावडर मागून घ्या. पेलाभर पाण्यावर टाका. चांगल्या पावडरला सिलिकॉनचा लेप असतो, ती पाण्यावर तरंगत राहते. लगेच भिजून खाली बसली तर खडूची भुकटी असण्याचा संशय घ्या. दुसऱ्या चमच्यावर व्हिनेगर टाका. एबीसी म्हणून दिलेली पावडर जोरात फसफसली तर त्यात चुनखडी नाहीतर सोडा आहे. सोड्याची पावडर बीसी वर्गाची, ती लाकूड-कापडाच्या आगीवर टिकत नाही. ही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे, पण चमचा पुढे केल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडेही बघा.

हिशेबनीस

एमएपीचा टोमणा पोचला. :) आमच्या समितीपुढे हा धागा छापून ठेवतोय. अवांतर: झाडून गोळा केलेली पावडर बागेत टाकू का? माळी म्हणतोय अमोनियम फॉस्फेट म्हणजे खतच की.

निवृत्त_फायरवाला

खतातही तेच असतं हे खरं, पण यात सिलिकॉन आणि भराव आहे, आणि तुमच्या कंत्राटदाराने नेमकं काय भरलं होतं ते कुणाला ठाऊक. पोत्यात भरून नवीन एजन्सीला द्या.

ठाण्याची_मावशी

शेवटचं एक. घरात लहान २ किलोचा घ्यायचा म्हणतेय. सुतार म्हणतो ओट्याखाली, गॅसच्या बाजूला हुक मारून देतो.

निवृत्त_फायरवाला

तिथे नको. ओटा पेटला तर सिलिंडर आगीच्या पलीकडे राहतो. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, बाहेर पडायच्या वाटेवर, तुमच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर लावा. काटा बाहेरच्या बाजूला फिरवून लावायला सांगा, येताजाता दिसेल.